वाचकांचे प्रश्न : मॅक्केन यांचा हिशेब

गेल्या अंकात अमेरिकी सरकारच्या कर्जावर लिहिताना मी ॲरिझोनाचे दिवंगत सिनेटर आणि २००८ चे रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅक्केन यांचा ओझरता उल्लेख केला होता. ‘सरकारी पैशाची चाड असलेला माणूस’ असे शब्द वापरले होते. त्यावर पत्रांचा पाऊस पडला. काहींनी कौतुक केलं, बहुतेकांनी जाब विचारला. माझी सगळी नोकरी आणि नंतरचा कर-सल्ल्याचा व्यवसाय फिनिक्स आणि आसपासच्या गावांत झाला. मॅक्केन माझे सिनेटर होते. त्यांना मी कधी मत दिलं, कधी दिलं नाही. त्यामुळे हा महिना त्यांच्यासाठीच ठेवला आहे.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : ताई, ज्या माणसाने अस्वलांच्या अभ्यासाला दिलेल्या तीस लाख डॉलरवरून देशभर रान उठवलं, त्यानेच बँकांना ७०० अब्ज डॉलर द्यायला ‘हो’ म्हटलं. मग चाड कुठे गेली?

दादा, आधी तारखा ओळीने लावू.

१५ सप्टेंबर २००८, सोमवार. लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच दिवशी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या सभेत मॅक्केन म्हणाले की आपल्या अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे. मंगळवारी सकाळी ते म्हणत होते, एआयजी या विमा कंपनीला करदात्यांच्या पैशाने वाचवू नये. त्या रात्री फेडरल रिझर्व्हने (फेड, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक) एआयजीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि बुधवारी मॅक्केन यांनी ते नाइलाजाने मान्य केलं. २४ तारखेला त्यांनी प्रचार थांबवत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली, तिच्यातून काही हाती लागलं नाही. २९ तारखेला प्रतिनिधिगृहाने ७०० अब्ज डॉलरच्या मदतीचं विधेयक २०५ विरुद्ध २२८ मतांनी पाडलं, शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. ॲरिझोनाच्या एकाही रिपब्लिकन प्रतिनिधीने बाजूने मत दिलं नव्हतं. १ ऑक्टोबरच्या रात्री सिनेटने सुधारित विधेयक ७४ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केलं. मॅक्केन आणि ओबामा दोघांचंही मत ‘हो’ होतं. दोन दिवसांनी प्रतिनिधिगृहानेही मान्यता दिली आणि बुश यांची सही झाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियात सँटा ॲनाला केलेल्या भाषणात याच गृहस्थांनी बजावलं होतं की बेजबाबदारपणे वागणाऱ्याला, मग ती मोठी बँक असो की छोटा कर्जदार, सावरून धरणं हे सरकारचं काम नाही. मार्च ते ऑक्टोबर या काळात त्यांची भूमिका पार बदलली, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

तरीही ते मत बरोबर होतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. त्याचं कारण माझ्या टेबलावर बसलं होतं. एसी बसवण्याचा आणि दुरुस्तीचा धंदा करणारे माझे एक ग्राहक त्या शरद ऋतूत बँकेची चिठ्ठी घेऊन आले. वर्षानुवर्षं चालू असलेली त्यांची क्रेडिट लाइन बँकेने गोठवली होती. त्यांचा एकही हप्ता चुकलेला नव्हता. कंत्राटदारांकडून येणं साठ दिवसांनी यायचं, माणसांचे पगार दर दुसऱ्या शुक्रवारी द्यायचे, आणि मधली पोकळी ती क्रेडिट लाइन भरून काढायची. चिठ्ठीत कारण एका ओळीचं होतं : बाजारातली परिस्थिती. वॉल स्ट्रीटवर ज्यांनी पत्त्यांचे बंगले बांधले त्यांना धडा मिळावा ही इच्छा मलाही होती. पण त्या आठवड्यात धडा मिळत होता तो शिडीवर चढून एसी बसवणाऱ्यांना. पतपुरवठ्याची नळी बंद पडली की आधी कोण तहानेने मरतं, हे हिशेबनिसाला लगेच दिसतं.

मला खुपतं ते २०१०. त्या वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत जे. डी. हेवर्थ यांनी मॅक्केन यांना उजवीकडून घेरलं आणि बेलआउटचं, म्हणजे बँका वाचवण्याचं, मत हाच मुख्य आरोप केला. तेव्हा मॅक्केन म्हणू लागले की आपली दिशाभूल झाली, अर्थमंत्री पॉलसन आणि फेडचे अध्यक्ष बर्नान्के यांनी पैसा घरकर्जांच्या दुखण्यावर वापरू असं सांगितलं होतं आणि तो वित्तसंस्थांकडे वळवला. यात अर्धं सत्य आहे. योजना बुडीत कर्जरोखे विकत घेण्याची होती. ऑक्टोबरच्या मध्यावर पॉलसन यांनी थेट बँकांच्या भांडवलात पैसा घातला, नऊ मोठ्या बँकांसाठी १२५ अब्ज डॉलर बाजूला काढले, आणि नोव्हेंबरमध्ये बुडीत रोखे घेणार नाही असं जाहीर केलं.

पण कायद्याचा मसुदा वाचा. ‘अडचणीतली मालमत्ता’ कशाला म्हणायचं याच्या व्याख्येचा दुसरा भाग असा आहे की अर्थमंत्र्यांना, फेडच्या अध्यक्षांशी सल्लामसलत करून, बाजार स्थिर ठेवायला आवश्यक वाटेल ते दुसरं कुठलंही वित्तीय साधन. एवढी सैल व्याख्या मी एखाद्या ग्राहकाच्या करारात पाहिली असती तर सही करू दिली नसती. मॅक्केन मुरलेले सिनेटर होते. मंत्र्याच्या हाती कोरा चेक जातोय हे त्यांना दिसायला हवं होतं, आणि दिसलं असेल तर नंतर ‘फसवलं’ म्हणायला नको होतं. “वेळ वाईट होती, मी मत दिलं, माझी जबाबदारी” एवढं ते बोलले असते तर माझ्या मनात त्यांची उंची वाढली असती.

याच कायद्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. पॉलसन यांचा पहिला मसुदा तीन पानांचा होता. सिनेटने मंजूर केलेलं विधेयक चारशे पानांच्या वर गेलं. मतं जमवण्यासाठी त्यात काय काय घातलं गेलं : लहान मुलांच्या खेळातल्या लाकडी बाणांवरचा अबकारी कर माफ, पोर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्सच्या रमवरच्या कराची परतफेड, मोटारशर्यतींच्या मैदानांना घसाऱ्याची सवलत. अशाच चोरट्या तरतुदींवर मॅक्केन यांनी हयात घालवली होती. त्या रात्री त्यांना त्या गिळाव्या लागल्या.

त्याच पानांत, दुसऱ्या विभागात, सौरऊर्जेची ३० टक्के करसवलत २०१६ पर्यंत वाढवली होती आणि घरावर सोलर बसवणाऱ्यांसाठी असलेली दोन हजार डॉलरची कमाल मर्यादा २००९ पासून काढून टाकली होती. तुमच्यापैकी ज्यांनी २००९ ते २०१६ या काळात छतावर पॅनेल बसवली आणि कराचा फॉर्म ५६९५ भरला, त्या सर्वांना ती सवलत त्या बँक-बेलआउटच्या कायद्यातून मिळाली. माझ्याकडे दर वसंतात हा फॉर्म घेऊन माणसं यायची. ‘बँकांना वाचवणाऱ्यांनी देश बुडवला’ म्हणणारे गृहस्थही त्याच कायद्याची सवलत घेऊन जायचे. पुढे तिची मुदत वाढत गेली, आणि २०२५ च्या कायद्याने ती सवलत त्या वर्षाअखेर संपली. सरकारी खर्च, बँका आणि हवामान ही तीन वेगळी खाती आहेत असं आपण धरून चालतो. १ ऑक्टोबर २००८ च्या रात्री ती एकाच मतात आली होती, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताना मला सर्वात जास्त महत्त्वाचं तेच वाटतं.

प्रश्न (ऑस्टिन, टेक्सस) : इअरमार्क म्हणजे नक्की काय, आणि ते बंद केल्याने तूट कमी होते का?

मोठ्या खर्चाच्या विधेयकात एखाद्या सदस्याने आपल्या मतदारसंघातल्या ठरावीक कामासाठी ठरावीक रक्कम नावानिशी घालून घ्यायची, ती इअरमार्क. सर्वात गाजलेलं उदाहरण २००५ च्या महामार्ग कायद्यातलं. २८६ अब्ज डॉलरच्या त्या कायद्यात सहा हजारांहून जास्त इअरमार्क होत्या. त्यांतली एक अलास्कातल्या केचिकनपासून ग्रॅव्हिना बेटापर्यंतच्या पुलासाठी, २२ कोटी ३० लाख डॉलरची. बेटावर विमानतळ होता आणि वस्ती पन्नासच्या आसपास. सिनेटमध्ये त्या कायद्याच्या विरोधात फक्त चार मतं पडली, एक मॅक्केन यांचं. पूल शेवटी झालाच नाही.

तूट कमी होते का? नाही. सप्टेंबर २००८ मध्ये ऑक्सफर्ड, मिसिसिपीच्या वादसभेत मॅक्केन यांनीच इअरमार्कचा आकडा १८ अब्ज डॉलर सांगितला होता. त्या वर्षी केंद्र सरकारचा एकूण खर्च तीन ट्रिलियन डॉलरच्या जवळ होता. म्हणजे शंभर डॉलरमागे साठ सेंट. पुढे २०११ पासून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, इअरमार्क बंद केल्या आणि त्या २०२१ मध्ये नव्या नावाने परतल्या. मधल्या काळात, २०११ ते २०१९, एकूण खर्च ३.६ वरून ४.४ ट्रिलियनवर गेला. पैसा जातो तो सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन), मेडिकेअर आणि मेडिकेड (वृद्धांचा आणि गरिबांचा सरकारी आरोग्यविमा), संरक्षण आणि व्याजावर.

मॅक्केन यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांची चीड रकमेपेक्षा पद्धतीवर होती : चर्चा नाही, मतदान नाही, रात्रीतून ओळ घुसवायची आणि मग त्या ओळीच्या बदल्यात सदस्याचं मत मिळवायचं. ही चीड मला शंभर टक्के पटते. फक्त प्रचारात त्यांनी ती तुटीवरचा उपाय म्हणून विकली, आणि लोकांना वाटलं की अस्वलांचा अभ्यास थांबवला की देशाचं कर्ज फिटेल. असा समज पसरू देणं बरोबर नव्हतं.

त्यांनी खरी बचत केली ती संरक्षण खात्यात, आणि ती कुणाच्या लक्षात राहत नाही. हवाई दलाने बोइंगकडून ७६७ जातीची शंभर टँकर (हवेतच इंधन पुरवणारी) विमानं भाडेपट्ट्याने घ्यायचा घाट घातला होता. मॅक्केन कागदपत्रांच्या मागे हात धुऊन लागले. व्यवहार रद्द झाला, आणि बोइंगशी वाटाघाटी करता करता तिथेच नोकरी ठरवणाऱ्या हवाई दलाच्या खरेदी अधिकारी डार्लीन ड्रुयन तुरुंगात गेल्या. २००९ मध्ये आणखी सात एफ-२२ लढाऊ विमानांसाठी ठेवलेले १.७५ अब्ज डॉलर त्यांनी डेमोक्रॅट सिनेटर कार्ल लेव्हिन यांच्याबरोबर ५८ विरुद्ध ४० मतांनी काढून टाकायला लावले. स्वतःच्या पक्षाचं, स्वतःच्या आवडत्या खात्याचं काम असताना हे करायला धमक लागते. २००१ च्या बुश यांच्या करकपातीला त्यांनी विरोध केला होता, कारण तिचा फायदा श्रीमंतांकडे जास्त जात होता, आणि २००३ च्या मेडिकेअर औषध योजनेलाही केला होता, कारण तिचा खर्च परवडणारा नव्हता.

मग इराक? हाही प्रश्न दोघा-तिघांनी विचारला आहे. तिथे त्यांनी हीच कसोटी अर्धवट लावली. वर्षामागून वर्ष युद्धाचा पैसा नेहमीच्या अर्थसंकल्पाबाहेर, ‘तातडीची पुरवणी’ म्हणून मंजूर होत राहिला आणि ते त्याच्या बाजूने राहिले. युद्धाचा खर्च नेहमीच्या अर्थसंकल्पातच मागावा अशी दुरुस्ती त्यांनी २००६ मध्ये सिनेटमध्ये मंजूर करून घेतली, पण पुरवण्यांना मत देणं थांबवलं नाही. पद्धतीचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या वहीतलं हे पान अर्धवट आहे.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया) : बँकांनी पैसे परत केले का? घरात यावरून नेहमी वाद होतो.

बँकांनी केले, व्याजासकट. बँकांसाठीच्या कार्यक्रमांत सुमारे २४५ अब्ज डॉलर गेले आणि सुमारे २७५ अब्ज परत आले. ७०० अब्ज हा आकडा मंजुरीचा होता, तो पुढे कायद्यानेच ४७५ अब्जांवर आणला गेला. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाच्या हिशेबाने सगळ्या योजनेचा निव्वळ भार ३१ अब्ज डॉलरच्या आसपास राहिला. तो वाहन कंपन्या, एआयजी आणि घरकर्जदारांना दिलेली मदत यांतून आला. त्यातली घरकर्जदारांची मदत परत यायची नव्हतीच.

पण आपल्या घरच्या वादात हरलेल्या बाजूनेही मान खाली घालू नये. फिनिक्समध्ये २००६ च्या शिखरापासून २०११ पर्यंत घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. आमच्या रस्त्यावर बँकेने ताब्यात घेतलेली घरं ओळखायची खूण म्हणजे परसातला पोहण्याचा तलाव. पंप बंद, वीज तोडलेली, पाणी शेवाळाने हिरवंगार. डास होऊ नयेत म्हणून काउंटीची माणसं त्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडून जायची. मला आजही त्या काळाचं नाव काढलं की शेअर बाजाराचा आलेख दिसत नाही, हिरवं पाणी दिसतं.

७ ऑक्टोबर २००८ च्या नॅशव्हिलच्या वादसभेत मॅक्केन यांनी ३०० अब्ज डॉलरची घरकर्जं सरकारने विकत घेऊन नव्या किमतीला, परवडणाऱ्या हप्त्याने पुन्हा बांधून द्यावीत अशी योजना मांडली. त्यांच्याच पक्षात तिच्यावर टीका झाली. निवडणूक संपली तशी योजनाही विरली. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी आमच्या शेजारच्या मेसा गावातल्या शाळेत येऊन कर्जं सुधारून देण्याची योजना जाहीर केली. तीस-चाळीस लाख कुटुंबांची आशा दाखवली गेली, प्रत्यक्ष आकडा बराच खाली राहिला. बँकांचे पैसे परत आले हे खरं, आणि ज्यांच्या नावाने पैसे मागितले गेले त्यांच्यापर्यंत ते वेळेत पोचले नाहीत हेही तितकंच खरं. दोघांचंही बरोबर आहे, आता जेवा.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना) : तुम्ही कीटिंग प्रकरण विसरलात का?

विसरले नाही. चार्ल्स कीटिंग इथलेच, फिनिक्सचे बांधकाम व्यावसायिक. कॅलिफोर्नियातली लिंकन सेव्हिंग्ज ही ठेवी घेणारी आणि कर्ज देणारी संस्था त्यांच्या ताब्यात होती. १९८७ मध्ये पाच सिनेटर तिच्या तपासाबाबत नियामकांना भेटले, त्यांत मॅक्केन होते, आणि कीटिंग यांच्या पैशातून त्यांना निवडणूक निधीही मिळाला होता. १९८९ मध्ये संस्था बुडाली, करदात्यांना तीन अब्ज डॉलरहून जास्त भुर्दंड पडला, आणि तिच्या मुख्य कंपनीचे रोखे घेतलेल्या हजारो लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली. त्यांत पेन्शनवर जगणारे बरेच होते. १९९१ मध्ये सिनेटच्या नीतिसमितीने मॅक्केन यांच्यावर ‘चुकीचा निर्णय’ असा ठपका ठेवला.

निवडणूक निधी आणि सरकारी निर्णय यांची सांगड तोडायचा ध्यास त्यांना तिथून लागला, असं मला वाटतं. २००२ चा मॅक्केन–फाइनगोल्ड कायदा त्याच वाटेवरचा.

प्रश्न (मिनियापोलिस) : हवामान बदलावर बोलणारे रिपब्लिकन म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण २००९ ला खरी वेळ आली तेव्हा ते कुठे होते?

पत्रातलं हे वाक्य वाचून मी थांबले, कारण मलाही हेच विचारायचं असतं.

आधी त्यांच्या बाजूचं. २००३ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर जो लीबरमन यांच्यासोबत त्यांनी कार्बनला मर्यादा घालणारं विधेयक सिनेटमध्ये मतदानापर्यंत नेलं. ४३ विरुद्ध ५५ मतांनी ते पडलं. व्हाइट हाउस त्यांच्याच पक्षाचं होतं आणि विधेयकाच्या विरोधात होतं. २००४ च्या उन्हाळ्यात ते सहकाऱ्यांना घेऊन नॉर्वेच्या स्वालबार्डला वितळता बर्फ बघायला गेले. २००५ मध्ये विधेयक पुन्हा आणलं, तेव्हा मतं ३८ वर घसरली. कारण त्या खेपेला अणुऊर्जेला मदत जोडली होती आणि काही डेमोक्रॅट बिथरले. १२ मे २००८ ला, उमेदवारी जवळपास हातात असताना, ओरेगनमधल्या पोर्टलंडला पवनचक्क्यांच्या कंपनीत उभं राहून त्यांनी लक्ष्यं सांगितली : २०१२ पर्यंत उत्सर्जन २००५ च्या पातळीवर, २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर, २०५० पर्यंत १९९० च्या तुलनेत ६० टक्के कमी. रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवाराने हे जाहीरपणे म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती.

पद्धत कॅप-अँड-ट्रेडची. सरकार एकूण धुराची कमाल मर्यादा ठरवतं, तेवढेच परवाने काढतं, ज्याला स्वस्तात धूर कमी करता येतो तो करतो आणि उरलेले परवाने विकतो. १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी आम्लपावसाला कारण होणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी हीच पद्धत आणली होती. ती अपेक्षेपेक्षा स्वस्तात चालली. सरकारने कारखान्यात शिरून यंत्र कोणतं बसवायचं ते सांगायचं नाही, फक्त धुराला किंमत लावायची. खर्चात काटकसर हवी असणाऱ्याला हा मार्ग पटावा असाच आहे.

आता दुसरी बाजू. त्याच २००८ च्या एप्रिलमध्ये मॅक्केन यांनी उन्हाळ्यापुरता पेट्रोलवरचा गॅलनमागे १८.४ सेंट केंद्रीय कर माफ करा असं सुचवलं. जूनमध्ये समुद्रातल्या तेल-उत्खननावरचा आपला विरोध मागे घेतला. इंधन महाग झालं की माणसं ते कमी जाळतात, यावर ज्याचं सगळं विधेयक उभं आहे तो माणूस तेच इंधन स्वस्त करा म्हणत होता. सौर आणि पवनऊर्जेच्या करसवलती वाढवण्यासाठी त्या काळात सिनेटमध्ये पुन्हापुन्हा मतदान झालं, ते प्रचारात होते आणि मतदानाला आले नाहीत.

आणि २००९. जूनमध्ये प्रतिनिधिगृहाने कार्बनला मर्यादा घालणारं वॅक्समन–मार्की विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केलं. २०२० साठीचं लक्ष्य होतं २००५ च्या तुलनेत १७ टक्के घट. मॅक्केन यांच्या स्वतःच्या २००८ च्या लक्ष्याच्या ते आसपासच होतं. त्यांनी विधेयकाला कडाडून विरोध केला : पानं हजारावर, परवान्यांपैकी बहुतेक सुरुवातीला उद्योगांना फुकट वाटलेले, अणुऊर्जेला जागा नाही. हे आक्षेप खोटे नव्हते. फुकट परवाने हा तर सरळ इअरमार्कचाच भाऊ. पण आक्षेप असलेला कायदा सुधारायचा कसा हे सिनेटमध्ये त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लिंडसे ग्रॅहम, लीबरमन आणि जॉन केरी हे तीन सिनेटर वाटाघाटीला बसले. त्यांतले दोघे मॅक्केन यांचे जिवलग. मॅक्केन बसले नाहीत. २०१० मध्ये हेवर्थ यांनी त्यांना आव्हान दिलं, त्याच उन्हाळ्यात सिनेटने विधेयकाचा नाद सोडला, आणि ऑगस्टमध्ये मॅक्केन ५६ विरुद्ध ३२ टक्क्यांनी जिंकले.

चोवीस टक्क्यांची आघाडी. एवढी शिल्लक गाठीला असताना थोडी खर्च करायला काय हरकत होती? बेलआउटच्या मतासाठी मी त्यांना दोष देत नाही, उलट त्याचं समर्थन करते. पण ज्या कामाची पायवाट आपल्या पक्षात त्यांनी पाडली त्या कामापासून ते ऐन वेळी बाजूला झाले, हे मला अजून क्षमा करता येत नाही. त्यांच्यासारख्या माणसाची दहा रिपब्लिकन मतं खेचण्याची ताकद होती की नव्हती, हे कळण्याची संधीच त्यांनी दिली नाही.

प्रश्न (विद्यार्थिनी, टेंपी, ॲरिझोना) : सरकारने कमी खर्च करावा असं मला मनापासून वाटतं, आणि हवामानाची काळजीही वाटते. मैत्रिणी म्हणतात, दोन्ही जमत नाही. मॅक्केन यांच्याकडून काही घेण्यासारखं आहे का?

बाळा, दोन्ही जमतं, पण प्रत्येक योजनेचं बिल मागायची सवय लावून घ्यावी लागते, आपल्या आवडत्या योजनेचंसुद्धा.

मॅक्केन यांना अणुऊर्जा अतिशय प्रिय. २०३० पर्यंत ४५ नव्या अणुभट्ट्या हे त्यांचं २००८ चं वचन होतं. तुझ्या विद्यापीठापासून पश्चिमेला तासाभरावर पालो व्हर्डेचा प्रकल्प आहे, तो बघितला की त्यांचं प्रेम समजतं : वाळवंटात, शहराचं सांडपाणी शुद्ध करून थंड राहणाऱ्या तीन भट्ट्या, धूर नाही. पण त्या भाषणानंतर देशात किती भट्ट्या सुरू झाल्या? टेनेसीतली वॉट्स बारची एक, २०१६ मध्ये, जी मुळात सत्तरच्या दशकात सुरू केलेली होती. आणि जॉर्जियात व्होग्टलच्या दोन, २०२३ आणि २०२४ मध्ये. व्होग्टलचा खर्च ३० अब्ज डॉलरच्या वर गेला आणि केंद्र सरकारला सुमारे १२ अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी द्यावी लागली. अणुऊर्जा नको असं मी म्हणत नाही, मला ती हवी आहे. पण सौरऊर्जेची सवलत म्हणजे उधळपट्टी आणि अणुऊर्जेची हमी म्हणजे दूरदृष्टी, असं दोन मापांनी मोजू नकोस.

त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर १० मे २०१७ चं मत घे. सरकारी जमिनीवरच्या तेल-वायू विहिरींतून मिथेन वायू नुसता हवेत सोडून दिला जातो किंवा जाळून टाकला जातो. २०१६ मध्ये सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरिअर खात्याने त्याला आळा घालणारा नियम केला होता. नव्या काँग्रेसने तो रद्द करायला घेतला. मिथेन थोड्या काळात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो, ही हवामानाची बाजू. आणि तो वायू जनतेच्या मालकीचा आहे, विकला गेला तर त्यावर सरकारला स्वामित्वशुल्क मिळतं, हवेत गेला की बुडतं, ही हिशेबाची बाजू. रिपब्लिकन नेतृत्वाने मतं मोजूनच ठराव मतदानाला आणला होता. रिपब्लिकन पक्षाचेच सुझन कॉलिन्स आणि लिंडसे ग्रॅहम विरोधात गेले, आणि मॅक्केन यांनीही विरोधात मत दिलं. ठराव ४९ विरुद्ध ५१ ने पडला.

त्यांनी दिलेलं कारण वाच, तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल. नियमात त्रुटी आहेत हे त्यांनी मान्य केलं होतं. पण काँग्रेसच्या अशा ठरावाने तो रद्द केला तर तशाच स्वरूपाचा नियम खात्याला पुन्हा करता येणार नाही. त्रुटी असतील तर खात्याने नवा, सुधारलेला नियम आणावा, असं त्यांचं म्हणणं होतं. २००९ मध्ये त्यांनी असंच वागायला हवं होतं. ते मत तू काढून बघ, काँग्रेसच्या नोंदींत सापडेल, आणि त्या दिवसाची भाषणंही वाच. पुढच्या महिन्यात तुला काय वाटलं ते कळव. मेडिकेअरबद्दलची पत्रं या वेळी जागेअभावी राहिली, ती पुढच्या अंकात.